पिठाचा कोंबडा आणि कागदावरचे रक्त

जे कर्म आपण प्रत्यक्षात केले नाही, परंतु करीत असल्याचे सोंग मात्र मन लावून केले, त्याचा दोष आपणांस लागतो किंवा नाही, हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. तो आज पुन्हा उकरून काढण्यास निमित्त झाला आहे एक खेळ. १९९१ साली अमेरिकेत मार्क राइन-हेगन या गृहस्थाने ‘व्हँपायर : द मास्करेड’ या नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यास पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. मेजाभोवती चारपाच मंडळी, दहा बाजूंचे फासे, प्रत्येकापुढे एक कागद, आणि कथा पुढे नेणारा एक कथेकरी, एवढ्यावर तो तासन्‌तास चालतो. प्रत्येक खेळणारा एका रक्तपिशाचाची भूमिका घेतो. या पिशाचांत ‘ट्रेमेर’ नावाचे एक कुळ आहे. ते पूर्वाश्रमीचे मांत्रिक. मेल्यावरही त्यांची मंत्रविद्या सुटलेली नाही, फक्त तिला आता रक्ताचे इंधन लागते.

त्यांचा एक विधी नमुन्यादाखल सांगतो. पिशाचास सूर्यप्रकाश घातक. म्हणून मांत्रिकाने आपल्या निवाऱ्याच्या प्रत्येक दारावर आणि खिडकीवर स्वतःच्या रक्ताने चिन्हे रेखावयाची. या कामी एक तास जातो व कागदावरील रक्ताच्या हिशेबातून एक घर खोडावे लागते. विधी साधला, तर मांत्रिक त्या जागी असेपर्यंत भोवतालच्या वीस फुटांत ऊन शिरत नाही. साधला की नाही, हे फासे सांगतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी एखादे घरगुती अनुष्ठान जवळून पाहिले असेल, त्यांच्या लक्षात येईल की साहित्य, काल, मर्यादा आणि फल ही चारही अंगे येथे यथासांग आहेत. उणीव आहे ती केवळ श्रद्धेची.

इंग्रजी शिकलेल्या शहरी तरुणांच्या काही मंडळ्यांतून हा खेळ आपल्याकडेही आला आहे. एखाद्या आईने मुलाच्या खोलीत डोकावावे आणि आत रक्त, बळी, मंत्र यांचीच भाषा चाललेली ऐकावी, तर तिने काय समजावे? ‘अहो, खेळ आहे तो’ असे म्हणून तिची समजूत काढणे सोपे आहे. परंतु त्याने प्रश्नाचे उत्तर होत नाही.

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाताना सातिवली लागते. आज तेथे कारखान्यांचे गाळे दाटलेले आहेत. दसऱ्याच्या दिवशी अशा कोणत्याही वसाहतीत फेरी मारावी. यंत्रांस झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, त्यांपुढे नारळ फुटतात. कोठे दारावर कोहळा टांगलेला दिसतो. नारळास शेंडी आहे, डोळे आहेत. कोहळा कापून आत कुंकू भरले की तो लालभडक होतो. हे सारे कशाच्या ऐवजी आहे, हे आपण विसरलो असलो तरी विधी विसरलेला नाही. नवरात्रात कूष्मांडाचा बळी देणारी घरे बळी या शब्दाचाच उच्चार करतात. याच जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत भगत देवापुढे जिवंत कोंबडे सोडवितो, तेव्हा आपण सुशिक्षित लोक नाक मुरडतो. आपण नारळावर भागविले म्हणून आपली पायरी वरची, असे आपण धरून चालतो. ती खरोखर वरची आहे काय?

या प्रश्नास आपल्या परंपरेने दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत, आणि दोन्ही विचारपूर्वक दिली आहेत. मध्वाचार्यांच्या अनुयायांनी यज्ञात जिवंत पशूच्या जागी पिष्टपशु, म्हणजे पिठाचा पशू, ग्राह्य मानला. विधी राहिला आणि जीवही वाचला. दयेचा हा मार्ग कोणासही पटण्याजोगा आहे. परंतु जैनांनी नेमक्या याच मार्गावर बोट ठेवले. सोमदेवसूरीने ९५९ साली पुरा केलेला ‘यशस्तिलक’ हा ग्रंथ, आणि त्याच शतकात पुष्पदंताने अपभ्रंशात रचलेले ‘जसहरचरिउ’, या दोहोंत उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा आहे. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीस प्राण्यांचे बळी दे, असे त्यास आई सांगते. राजा जीवहत्येस तयार होत नाही. आईचा आग्रह मोडवत नाही म्हणून शेवटी पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापतो. पुढे राणी दोघांनाही विष घालते, आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकरांस पशुयोनीचे फेरे पडतात. राजा मोर होतो, आई कुत्रा होते. मासा, बोकड अशा जन्मांतून दोघेही कोणाच्या ना कोणाच्या हातून मरत जातात.

प्रथम वाचताना ही शिक्षा आम्हांस अन्यायाची वाटली. एक कणीक काय ती कापली गेली. इतका कठोर न्याय कोठला? परंतु कथेचा रोख कणकेवर नाही. राजाने कोंबडा पिठाचा घेतला, तरी सुरी चालविताना त्याचा संकल्प खऱ्या बळीचा होता. देवीने हा खरा समजून घ्यावा आणि माझे अरिष्ट टाळावे, अशीच त्याची इच्छा होती. फळ हवे होते खऱ्या हिंसेचे. टाळावयाचे होते ते फक्त रक्त.

ही कसोटी आमच्या मते खरी आहे, आणि ती लावून पाहिली की निकाल अनपेक्षित लागतो. मेजाभोवती बसलेला तरुण रक्ताचे चिन्ह रेखतो, तेव्हा उद्या सकाळी आपल्या खिडकीतून ऊन येणार नाही अशी त्याची अपेक्षा नसते. खेळाबाहेर त्यास कसलेच फळ नको असते. गाळ्याच्या दारावर कोहळा टांगणाऱ्यास मात्र फळ हवे असते. म्हणजे यशोधराच्या पंक्तीस बसावयाचे झाले, तर पाट आपल्याच घरातला मांडावा लागेल.

फलाची अशी हाव माणसास कोठवर नेते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधन व अपत्य यांच्या लोभाने मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. ते करणारे लोक खेळत नव्हते. त्यांना सोंग ठाऊकच नव्हते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तो २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकुमाच्या रूपाने आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधिमंडळाने संमत केला. त्या कायद्याचा रोख नरबळी व अघोरी कृत्ये यांवर आहे, सोंगावर नाही. ते योग्यच आहे. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्र रात्र नाचणारा माणूस सकाळी मुखवटा उतरवून शेतावर जातो. मुखवटा उतरविता येतो हे ज्यास ठाऊक आहे, त्याच्यापासून गावास भय नाही.

येथे थांबता आले असते, तर बरे झाले असते. परंतु सोंग अगदीच निर्जीव असते असेही म्हणवत नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) कीचकाच्या जागी प्रेक्षकांना कर्झन दिसला, आणि १९१० साली सरकारने ते नाटक बंद केले, ‘नाटकच आहे ते’ हा बचाव त्या वेळी ना सरकारने मानला, ना मनातून प्रेक्षकांनी. फळाची अपेक्षा नसली तरी मनास वळण लागते. म्हणून हा खेळ कसा खेळला जातो, हे पाहणे आवश्यक आहे.

आणि येथे या खेळाच्या कर्त्याची बाजू घेतली पाहिजे. प्रत्येकाच्या कागदावर रक्ताच्या हिशेबाशेजारी माणुसकीचाही हिशेब असतो. तो दहापर्यंत चढतो. खेळणाऱ्याने स्वार्थासाठी कोणास दुखविले, चोरी केली, खून केला, की फासे टाकून पाहावयाचे. पश्चात्ताप झाला नाही, तर माणुसकी एका घराने उतरते. ती शून्यावर आली की ते पात्र खेळणाऱ्याचे राहत नाही, कथेकऱ्याच्या हाती जाते. चित्रगुप्ताची वही अशी डोळ्यांसमोर उघडी ठेवणारा खेळ आम्हांस दुसरा आठवत नाही. दोष आहे तो ही वही बाजूस सारून नुसत्या सामर्थ्याची बेरीज करीत बसणाऱ्या खेळाडूंचा. ज्याचे रक्त घेतले त्यास ना नाव, ना घर, तो केवळ एक आकडा, अशी सवय जडली तर ती पिठाच्या कोंबड्याहून वाईट; राजास निदान कोंबडा दिसत तरी होता.

बर्टनने १८७० साली ‘वेताळपंचविशी’ इंग्रजीत नेताना वेताळास ‘व्हँपायर’ म्हटले. हे भाषांतर आम्हांस कधीच रुचले नाही. आपला वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण त्याची तहान रक्ताची नव्हे. तो राजाच्या खांद्यावर बसून प्रश्न विचारतो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील, असे बजावतो. कोकणात व गोव्यात तर तो गावाचा राखणदार होऊन बसला आहे. घाबरलेल्या आईस आम्ही एवढेच सुचवू की मुलाचे पुस्तक तिने फेकून देऊ नये; खेळ संपल्यावर वेताळाप्रमाणे विचारावे, ‘ज्याचे रक्त घेतलेस, त्याचे नाव काय रे होते?’ मुलास नाव सांगता आले, तर निश्चिंत असावे. त्याने उलट विचारले, ‘आई, आपल्या दारावरचा कोहळा कोणाच्या डोक्याऐवजी?’ तर तिनेही गप्प बसू नये.