आधी हक्क, मग माफी

रात्रपाळी संपवून एक यंत्रमाग कामगार पहाटे सायकलीने घराकडे निघतो. मागून भरधाव मोटार येते, धडक बसते, पाय मोडतो. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. त्यानंतर जे घडते तेही अपरिचित नाही. दोन-तीन दिवसांनी खाटेपाशी चार प्रतिष्ठित माणसे येतात. मोटारमालकाने दवाखान्याचा खर्च आणि वर दहा-वीस हजार देऊ केलेले असतात. "नशिबात होतं ते झालं. सब्र करा. कोर्टकचेरीत गरिबाचं कधी भलं झालंय?" असे समजावले जाते. एका कागदावर अंगठा उमटतो. मोहल्ला म्हणतो, किती दिलदार माणसं! वर्षभराने हाच कामगार मागावर उभा राहू शकत नाही आणि त्याचा मुलगा शाळा सोडून कांड्या भरायला जातो. त्या दिवशी मात्र चौघांपैकी कोणी फिरकत नाही.

आम्हांला प्रश्न पडतो, ही दिलदारी की अन्याय? आणि जखमेचे पैसे मागणे हा लोभ की हक्क?

'नुकसानभरपाई' या शब्दातच उत्तराची सुरुवात आहे. जे रिकामे झाले ते पुन्हा भरणे म्हणजे भरपाई. किंमत वेगळी, भरपाई वेगळी. किंमत वस्तू विकणाऱ्याला मिळते. सायकलस्वाराने आपला पाय विकायला काढलेला नव्हता.

हा फरक महाराष्ट्राला फार मोठी किंमत मोजून एका लहानशा गावाने दाखवला. नर्मदेच्या काठावरचे, अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव. १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरे आणि शेते बुडाली. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. तिथल्या आदिवासींना मोटारीने धडक दिली नव्हती, पण त्यांची चूक नसताना दुसऱ्याच्या वेगाखाली त्यांचे आयुष्य मोडले होते. दूरच्या शेतांना आणि शहरांना पाणी हवे होते, म्हणून त्यांचे गाव जाणार होते. अशा माणसाला काय द्यायचे? नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ मध्ये याचे उत्तर दिले होते. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर सिंचनाखालची जमीन द्यावी आणि सज्ञान मुलगा वेगळे कुटुंब मानावा. तत्त्व सरळ होते: जमिनीच्या बदल्यात जमीन. रोख रक्कम हातातून निघून जाते, जमीन पुढच्या पिढीलाही पोसते. 'जमिनीला जमीन द्या' हा धरणग्रस्तांचा आग्रह म्हणजे भावनेचा हट्ट नव्हता, तो भरपाईचा नेमका अर्थ होता. १९९४ साली याच गावाच्या नावाने निघालेल्या 'मणिबेली जाहीरनाम्या'ने जागतिक बँकेकडे मोठ्या धरणांना पैसा देणे थांबवा अशी मागणी केली. इतक्या लांबवर त्या गावाचे नाव पोचले.

पण तत्त्व कागदावर असून भागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्या, पण नावावर सातबारा नसलेल्या माणसाला सरकारदरबारी 'अतिक्रमणदार' म्हटले गेले. जो दिसतो, नांगरतो, पिकवतो, तो कागदावर नाही म्हणून नाहीच! आमच्या सायकलस्वाराची हीच कथा आहे. त्याच्याकडे पगारपत्रक नसते. मग विमा कंपनीचा वकील विचारतो, "तू कमवत होतास याला पुरावा काय?"

या प्रश्नापुढे माणूस गप्प बसतो आणि दहा-वीस हजारांवर अंगठा देतो. वास्तविक याचे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अपघातात पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण होते. असंघटित क्षेत्रात कष्ट करणाऱ्याकडून उत्पन्नाच्या कागदाची अपेक्षा धरता येणार नाही, असे न्यायालयाने मानले. गल्लोगल्ली फिरूनच ज्याचे पोट भरते त्याचा पाय गेला तर त्याची कमाईची ताकद पंचाऐंशी टक्के गेली, असेही ठरवले. २०१० च्या दुसऱ्या निकालात हेच तत्त्व आहे: दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी आणि रोजगाराचे नुकसान या दोन गोष्टी एक नव्हेत. हात गेला तर ड्रायव्हरचा धंदाच संपतो, कारकुनाची नोकरी चालू राहू शकते. कायद्याने इथे शरीराकडे नव्हे, माणसाच्या जगण्याकडे पाहिले. मणिबेलीचे लोक दुसरे काय म्हणत होते?

म्हणून थोडी व्यवहाराची माहितीही नैतिक प्रश्नाचाच भाग समजावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे जखमी माणूस, आणि मृत्यू झाला तर त्याचे वारस, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. फिर्याद, पंचनामा, दवाखान्याची बिले, अपंगत्वाचा दाखला हे जपून ठेवावे. दावा दाखल करायची सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात पुन्हा आली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले, तरी त्या भरवशावर थांबू नये. त्याच दिवसापासून, चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख झाली. मोटार पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळण्याची तरतूद आहे.

आता आपल्यातल्या शंकांकडे येऊ. कोणी म्हणेल, हे तक़दीरविरुद्ध भांडणे झाले. पण ज्या धर्माने तक़दीर सांगितली त्यानेच दियतही सांगितली. सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येचा विचार आहे. तिथे मृताच्या वारसांना दियत देणे बंधनकारक केले आहे आणि त्यांनी सदका म्हणून सोडून दिली तर गोष्ट वेगळी, असे म्हटले आहे. जखमांच्या भरपाईचा विचार फिक़्हमध्ये 'अर्श' या नावाने होतो. या क्रमाकडे लक्ष द्यावे. आधी हक्क उभा राहतो, मग माफीचा दरवाजा उघडतो. आणि त्या दरवाजाची किल्ली वारसांच्या हाती आहे, जमातीच्या पंचांच्या नाही. ज्याला आपला हक्क काय आहे हे सांगितलेच गेले नाही, त्याने माफ केले असे म्हणता येत नाही. त्याला फक्त फसवलेले असते.

दुसरी शंका विम्याची आणि व्याजाची. तृतीय पक्षाचा विमा मोटारमालकाला कायद्याने काढावाच लागतो. जखमी माणसाने तो करार केलेला नसतो. त्याचे येणे मोटारमालकाकडून आहे, ते कोणत्या खिशातून चुकते होते हा पुढचा प्रश्न. न्यायाधिकरण रकमेवर जे व्याज देते त्याचे काय करायचे, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाला विचारून ठरवावे. पण त्या शंकेपायी सबंध हक्कच सोडून द्यावा, हा न्याय आम्हांला पटत नाही. खोटा दावा करणे मात्र चोरीच आहे, आणि अशा प्रत्येक खोट्यामुळे खऱ्या जखमीकडे संशयाने पाहिले जाते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. स्टिअरिंग आपल्याही हातात असते. धडक बसल्यावर पळून जाणे, परवाना असलेल्या भावाला ड्रायव्हर म्हणून उभे करणे, ओळखीच्या माणसांकरवी जखमीचा अंगठा घेणे, हे करणारे काही परके लोक नाहीत. त्यानंतर कितीही नमाजा पढल्या तरी हुकूकुल इबादचे, माणसाचे माणसाकडे असलेले येणे फिटत नाही. ते ज्याचे त्याच्याच दारात जाऊन फेडावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी आपण त्या खाटेपाशी गेलो, तर सब्र जरूर सांगावा. पण सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. आधी त्या माणसाला बसते करावे, त्याचा हक्क समजावून सांगावा, कागद जमवून द्यावेत, तालुक्याच्या गावी वकिलाकडे सोबत जावे. एवढे झाल्यावर, सारे काही समजून-उमजून, त्याला माफ करायचे असेल तर त्याने खुशाल करावे. त्या माफीला मोल असेल. त्याआधी मिळवलेला अंगठा म्हणजे माफी नव्हे, ती कमी भावात झालेली खरेदी आहे. आणि पाय काही विकायला काढलेला नव्हता.