सतरंजी आणि न्याय

छत्रपति संभाजीनगरांतील आमच्या घरीं तीन महिन्यांचें पॉमेरेनियन पिलूं आलें. आम्ही सकाळीं दहाला महाविद्यालयांत जावें आणि पांचाला परतून सतरंजी ओली पाहावी, हा नित्यक्रमच झाला. एके दिवशीं आम्हीं छडी उगारली. पिलूं कोपऱ्यांत दडलें. आम्हीं ती अपराधाची कबुली मानली.

परंतु मागाहून विचार केला. वयाच्या दर महिन्यास सुमारें एक तास, एवढेंच पिलाचें मूत्रधारणाचें सामर्थ्य. आम्ही तर सात तास दार लावून गेलों होतों. जो नियम पाळणें शक्यच नाहीं, त्याचा भंग हा अपराध कसा? शिवाय दुपारच्या कृत्याचा सायंकाळच्या शिक्षेशीं संबंध त्यास उमगत नाहीं. तें भितें केवळ आमच्या क्रुद्ध मुद्रेस.

महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या बंधूंनीं सरमेच्या निरपराध पुत्रास मारिलें, म्हणून तिनें राजास शाप दिला. त्या पंक्तींत आम्हीही बसलों होतों. आणि वर्गांतही किती वेळां बसलों असूं!

आतां मधल्या सुटींतील वाचन सोडून आम्ही घरीं येतों, पिलास अंगणांत नेतों आणि काम होतांच शाबासकी देतों. सतरंजी अद्याप क्वचित् भिजते. छडी मात्र माळ्यावर गेली आहे.