फोटो कोणासाठी?

मुलगी घरभर धावते, फोटो हलतो. म्हणून नवा कॅमेरा घ्यावा असे आम्हां उभयतांना वाटले. दुकानदार प्रामाणिक निघाला. कॅमेरा जुनाच ठेवा, ५० मि.मी.ची एफ १.८ लेन्स घ्या, म्हणाला. एफ ५.६ वरच्या जुन्या लेन्सपेक्षा तिच्यातून नऊपटीहून जास्त प्रकाश येतो, म्हणून शटर जलद ठेवता येते. फोटो खरेच स्पष्ट आले. आजीला पाठवायचे, असे आम्ही म्हणतो. आजीला हललेलाही चालतो! मग हा खटाटोप कोणासाठी? प्रथम ख्रिस्तप्रसाद घेऊन परतताना लेकीने आमच्याकडे पाहिले. एक जण फोटो काढत होता, दुसरा कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावत होता. फोटोत तिची नजर आम्हांला शोधते आहे. तो अल्बममध्ये लावावा की नाही, आमचे अजून ठरलेले नाही.