साथीला बसलेला पोरगा

हिंजवडी गावठाणातल्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी पेटीवाल्याला ताप भरला. शोधाशोध करता अभंग गाणाऱ्या बुवांच्याच वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सापडला. पोरगा फेज टूमध्ये सॉफ्टवेअरवाला, पण जीव सगळा जॅझ पियानोत. ग्रेडच्या आठही परीक्षा पास. खोलीत हप्त्यावर घेतलेला ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो.

"स्वर कुठला?" त्यानं विचारलं.

"काळी दोन."

पोरानं ते मनात डी शार्प करून घेतलं आणि पेटी पुढं ओढली. डावा हात भात्यावर अडकला, राहिला एकच. त्या एका हातात त्यानं दोन्ही हातांचं काम कोंबलं. बुवांनी ओळ सोडली की याची तान हजर, बुवा थांबले की कॉर्डचा ढीग. तिसऱ्या अभंगाला बुवांनी टाळ खाली ठेवले.

"बाळा, वाजवतोस झकास. पण मला दम खायला तरी जागा ठेव की!"

पखवाजवाला खुदकन हसला. पोरगा कानापर्यंत लाल.

सकाळी बुवांनीच त्याला चहाला खाली बोलावलं. ज्या खाचरात बुवांनी भात लावला, तिथं आता कंपनीचं पार्किंग आहे; माणूस मात्र अजून पहाटे चारलाच उठतो.

"तुझा गुरू कोण रं?"

"मनानं मानलेला. लुई बँक्स." पोरगा खुलला. १९४१ चा, दार्जिलिंगचा जन्म, नेपाळी घर, मूळ नाव डंबर बहादुर. वडील ट्रम्पेट वाजवायचे, त्यांनी आर्मस्ट्राँगवरून पोराला लुई केलं. तो आधी गिटार आणि ट्रम्पेट शिकला, पोरवयातच वडिलांच्या बँडमध्ये साथीला बसला. पुढं पियानो. कोलकात्याच्या ब्लू फॉक्स रेस्टॉरंटात आर. डी. बर्मननी ऐकलं आणि मुंबईला बोलावलं. २००८ साली ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत मजल गेली. "आणि बुवा, १९८८ चं 'मिले सुर मेरा तुम्हारा' आठवतं? संगीतसंयोजन त्याचंच."

"न आठवून कसं? भीमसेनजी सुरुवात करतात. शेवटाकडं लताबाई." बुवांनी बिस्किट चहात बुडवलं. "पण हे तुझं बँक्स नाव आजच ऐकतोय."

पोरगा काही बोलला नाही. बुवांचं बिस्किट तेवढ्यात कपात पडलं, ते चमच्यानं काढण्यात त्यांचा वेळ गेला.

संध्याकाळी तो पेटीवर बसला. बुवा गात असताना बोट सुरावर नुसतं टेकवून ठेवलं. ओळ संपली, की भाता हलायचा आणि दोन-तीन स्वर, बुवा जिथून पुन्हा उचलणार तिथवर नेऊन सोडायचे. एकदा तर त्यानं अख्खं कडवं हात उचलून धरला. बुवांचा आवाज असा मोकळा लागला, की दारातल्या बायका आत येऊन बसल्या.

प्रसाद घेताना सगळे बुवांच्या गळ्याचं कौतुक करत होते. पेटीबद्दल कुणी शब्द काढला नाही.

पाचव्या दिवशी जुना पेटीवाला तापातून उठून आला. बुवांनी त्याच्या हातात टाळ दिले.