चार दिवसांचा एकांत

सुख भोगण्यास मनुष्याला कोणाची परवानगी लागते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांत फारसा आढळत नाहीं. संसारांत मात्र तो पदोपदीं आढळतो. गेल्या कार्तिकांत आमचा एक जुना विद्यार्थी काळाचौकीहून आमच्याकडे आला. मार्गशीर्षांत त्याचें लग्न ठरलें होतें, आणि लग्नानंतर चार दिवस पत्नीसह कोठें तरी शांत ठिकाणीं जावें असा त्याचा मनोदय होता. दोन दिवस माथेरान, मग कल्याण-भिवंडीमार्गें वज्रेश्वरी-गणेशपुरी येथील ऊन पाण्याच्या कुंडांवर दोन दिवस, इतका साधा बेत. खर्चाची तरतूद त्यानें दोन वर्षें पगारांतून थोडें थोडें बाजूला टाकून केली होती; कर्ज काढलें नव्हतें. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता. घरीं काय सांगावें, हा होता.

“आजीला वज्रेश्वरीच्या दर्शनाला जातों एवढेंच सांगावें आणि माथेरानचें नांव काढूं नये, असें मनांत आहे. सर, यांत कांहीं वावगें आहे काय?” असें त्यानें विचारलें.

उत्तर देण्यापूर्वीं आम्हांला दोन प्रश्न वेगळे करावे लागले. चार दिवसांचा एकांत इच्छिणें योग्य कीं अयोग्य, हा पहिला. आणि तो कोणत्या रीतीनें मिळवावा, हा दुसरा. या दोहोंची गल्लत होते म्हणूनच घराघरांतून वाद माजतात, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या प्रश्नावर जुन्या मंडळींचा नेहमींचा आक्षेप असा, कीं हें सारें पाश्चात्त्यांचें अनुकरण आहे. शब्दापुरता हा आक्षेप खरा आहे. ‘मधुचंद्र’ हा इंग्रजी शब्दाचा सरळ तर्जुमा होय. पण मौज अशी, कीं त्या शब्दांत इंग्रजांनीं गोडीबरोबर एक इशाराही ठेवला होता. रिचर्ड ह्युलोएट या कोशकारानें १५५२ सालीं त्याचा अर्थ देतांना सांगितलें, कीं आरंभीं अतिशय प्रेम करणाऱ्या आणि पुढें ज्यांचें प्रेम ओसरण्याचा संभव दिसतो अशा नवविवाहितांना उद्देशून लोक हा शब्द वापरतात. चंद्र वाढतो तसाच उतरतोही, हें त्या नांवांत गृहीत धरलेलें असावें. आपल्याकडे लग्नानंतरचा प्रवास नव्हता असें मात्र नाहीं. नवरानवरीनें जोडीनें जेजुरीला जावें, नवऱ्यानें नवरीला उचलून गडाच्या कांहीं पायऱ्या चढाव्या, ही चाल अनेक कुटुंबांत आजही आहे. कोंकणांतील मंडळी नव्या जोडप्याला गांवच्या देवाला नेतात. फरक इतकाच, कीं त्या प्रवासांत सारें घर बरोबर असतें. म्हणजे वाद प्रवासाचा नसून एकांताचा आहे.

एकांताची किंमत कळावयास काळाचौकी, लालबाग, शिवडी या भागांतील चाळींत राहून पाहिलें पाहिजे. शिवडीच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. आमच्या विद्यार्थ्याच्या घरची खोली त्याहून फार मोठी नाहीं, आणि तींत सहा माणसें. अशा घरांत नव्या जोडप्याच्या वांट्याला पोटमाळा येतो, पुरुषमंडळी गॅलरींत अंथरूण टाकतात, आणि जें ऐकूं येतें तें ऐकूं येत नाहीं असें सर्वजण दाखवितात. या समजूतदारपणाला आम्ही थोर मानतों. परंतु ज्या घरांत बोललेलें सारें ऐकूं जातें, त्या घरांत बोलण्याजोगें पुष्कळसें न बोललेंच राहतें.

त्याच्या आजोबांची पिढी तर याहूनही दुर्दैवी. रत्नागिरीकडून आलेल्या गिरणीकामगारांपैकीं कित्येकांच्या बायका गांवींच राहत. पुरुष येथें खानावळींत जेवत आणि एकेका खोलींत पाळीपाळीनें झोंपत. शिमग्याची आणि गणपतीची रजा, एवढाच त्यांचा संसार. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची ती दुनिया मोडली, आणि पुष्कळजण गांवीं कायमचे परतले ते हात रिकामे झाल्यावर. नवराबायकोनें एकत्र असणें हीच ज्यांच्या आयुष्यांत चैन ठरली, त्यांच्या नातवाला चार दिवस हवेसे वाटले तर त्याला चैनी म्हणणें आम्हांला जड जातें.

शिवाय एकांत म्हणजे केवळ सुखोपभोग, असेंही नव्हे. न्यायमूर्ति रानडे यांचें रमाबाईंशीं १८७३ सालीं लग्न झालें तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या. तसलें लग्न आज कोणी आदर्श म्हणून पुढें करणार नाहीं. तथापि १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणी वाचतांना एक गोष्ट मनावर ठसते. रानड्यांनीं पत्नीला शिकवावयास घेतलें, आणि पुण्याच्या मोठ्या घरांत वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्या शिकण्याला विरोध झाला. १८७८ सालीं नाशिकला बदली झाल्यावर त्या दोघांना जो मोकळेपणा मिळाला, त्यांत रमाबाईंचें शिक्षण आणि त्यांचा धीर हीं दोन्हीं वाढीस लागलीं. पुढें पुण्याच्या सेवासदनाला ज्या रमाबाई लाभल्या, त्यांच्या घडणींत त्या मोकळेपणाचा वांटा लहान नसावा. एकांतानें त्यांना समाजापासून तोडलें नाहीं. समाजाच्या उपयोगी पडण्याचें बळ दिलें.

सप्तपदींतील सातवें पाऊल सख्याचें मानलें आहे. अन्न, बळ, संपत्ति, संतति यांच्यासाठीं पावलें टाकून झाल्यावर शेवटचें पाऊल मैत्रीसाठीं. मैत्री ही आज्ञेनें होत नाहीं आणि मुहूर्तानेंही होत नाहीं; तिला निवांत वेळ लागतो. अकलोली-गणेशपुरीला तानसेच्या कांठीं जें ऊन पाणी वर येतें त्याच्या मुळाशीं कोणताही जागृत ज्वालामुखी नाहीं. पावसाचें पाणी कातळाच्या भेगांतून खोल जातें, पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें तापतें आणि दुसऱ्या वाटेनें वर येतें. कोंकणच्या पट्ट्यांतील अशा झऱ्यांचें पाणी कांहीं ठिकाणीं सुमारें ७० अंश सेल्सियसपर्यंत ऊन असतें. तेंच पाणी वरच्यावर वाहून गेलें असतें तर थंड राहिलें असतें. दोन माणसांनीं कांहीं काळ लोकांच्या नजरेआड होणें आम्हांला याच कारणासाठीं मान्य आहे. मात्र तें पाणी परत वर येतें, ही अट त्यांत आलीच. पळून जाणारा एकांत निराळा आणि परत येणारा निराळा.

या अटीबरोबर आणखी दोन गोष्टी आम्हीं त्याला सुचविल्या. नेरळहून माथेरानला जाणारी लहान आगगाडी १९०७ पासून आहे. गांवांत मोटारींना बंदी असल्यामुळें तेथील शांतता बरीचशी टिकून आहे. पण त्याच शांततेंत वर्षानुवर्षें माणसांनीं माणसांना हातरिक्षांतून ओढलें. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालीं द्यावा लागला. आपल्या विश्रांतीचें ओझें कोणाच्या खांद्यावर पडतें, ही चौकशी मधुचंद्रांतही सुटत नाहीं. निदान सामान वाहणाऱ्या हमालाशीं तरी घासाघीस करूं नये. दुसरी गोष्ट अशी, कीं प्रत्येक घटकेचीं छायाचित्रें मोबाईलवरून साऱ्या आप्तेष्टांना धाडीत बसूं नये. चाळीच्या गॅलरीला कंटाळून डोंगरावर जावें आणि तेथें तीच गॅलरी पुन्हा उभी करावी, यांत काय मिळविलें?

राहिला दुसरा प्रश्न, आणि तोच कठीण. वज्रेश्वरीला तो जाणारच होता. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं जिला नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर जिचें देऊळ उभें राहिलें असें सांगतात, त्या देवीचें दर्शन घडणारच होतें. मग आजीला जें सांगावयाचें तें अक्षरशः खरेंच नव्हतें काय? कांटनें १७९७ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत परोपकारासाठींही खोटें बोलूं नये हें इतक्या कठोरपणें मांडलें आहे, कीं आमच्या वर्गांतील मुलें दर वर्षीं त्यावर उसळतात. आम्हीही तितके कठोर नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिलासा देणाऱ्या वैद्याला आम्ही दोषी धरणार नाहीं. पण येथें आडपडदा होता तो कोणाला वांचविण्यासाठीं नव्हे, एक अवघड संभाषण टाळण्यासाठीं. आणि अर्ध्या सत्याचा दोष असा, कीं तें सांभाळावयास आणखी एक माणूस लागतें. जिला अजून त्या घरांतील डबे कोणत्या फळीवर असतात हेंही ठाऊक नाहीं, त्या मुलीला पहिल्याच आठवड्यांत आजीसमोर माथेरानचें नांव न काढण्याची खबरदारी घ्यावी लागली असती. सासरीं तिला मिळालेला पहिला धडा तो झाला असता.

हें आम्ही अनुभवानें सांगतों. तीस वर्षांपूर्वीं, लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हां, आम्हीं स्वतः आईला सांगितलें होतें, कीं विद्यापीठाच्या कामासाठीं पुण्याला जावयाचें आहे, तेव्हां मंडळींनाही शहर दाखवून आणतों. वस्तुतः आम्ही महाबळेश्वरला गेलों. निघतांना आईनें पिशवींत दोन लोंकरी शाली घातल्या. वैशाखांत पुण्याला शाली कशाला, असें आम्हीं विचारलें नाहीं आणि तिनेंही कांहीं सांगितलें नाहीं. परत आल्यावर “काम झालें का?” एवढेंच तिनें विचारलें. आम्ही “झालें” म्हणालों. त्यानंतर ती बारा वर्षें जगली. महाबळेश्वर कसें आहे, हें आमच्या तोंडून तिला कधीं ऐकावयास मिळालें नाहीं. तिनें मना केलें असतें असें आज मुळींच वाटत नाहीं. आम्हीं तिला फसविलें असेंही म्हणतां येत नाहीं, कारण ती फसलीच नव्हती. तिच्याकडून “जा” म्हणण्याचा आनंद मात्र आम्हीं काढून घेतला.

वडीलधाऱ्यांना विचारणें म्हणजे त्यांच्या सत्तेपुढें मान तुकविणें, असें तरुणांना वाटतें. पुष्कळदां तें त्यांना कांहीं देण्याची संधि देणें असतें. ज्यांच्यापाशीं द्यावयास पैसा नाहीं, जागा नाहीं, त्यांच्यापाशीं संमति तरी असते. ती न मागतां निघून जाणें म्हणजे त्यांना अधिकच दरिद्री करणें होय. नकार मिळाला तर वाद घालावा; वाद फुकट गेला तर सज्ञान माणसानें आपल्या जबाबदारीवर जावेंही. सुखाला परवानगी लागतेच असें नाहीं. पण जावें तें सांगून जावें. इतकें बोलून आम्हीं त्याला निरोप दिला.

पौषांत तो पत्नीला घेऊन पेढे द्यावयास आला. आजीला त्यानें सारें सांगितलें होतें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं, मग म्हणाली, “तुझ्या आजोबांचे नि माझे एकत्र राहिलेले दिवस मोजले तर पांच वर्षेंसुद्धां भरायचीं नाहींत. जा तुम्ही. देवीची ओटी तेवढी भरा.” वडिलांनीं मात्र कुरकुर केली, आणि ती अद्याप पुरती थांबलेली नाहीं, हेंही त्यानें लपविलें नाहीं. परत आल्या दिवशीं आजीनें नातसुनेला जवळ बसविलें आणि माथेरानची सारी हकीकत ऐकली. दुसऱ्या दिवशीं शेजारणीला बोलावून तिच्यासमक्ष पुन्हा सांगावयास लाविली.