सहलीच्या वाटेवरच्या कबरी

मृताच्या जागेला भेट देणे हे धर्मकृत्य की नुसते बघणे, हा प्रश्न अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सहलीच्या बसने फिरणाऱ्यांपुढे एकाच दिवसात वेगवेगळ्या रूपांत उभा राहतो. शिर्डी आणि मेहेराबाद ही इथली समाधिस्थाने. आणि मलिक अहमदने १४९० मध्ये वसवलेल्या शहराभोवती निजामशाहीतल्या कबरी. बस तीच, माणसेही तीच. समाधीपुढे ती चपला काढून रांगेत उभी राहतात. एरवी स्मशानातून घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय कशाला हात न लावणारी माणसे कबरीच्या कट्ट्यावर मात्र निर्धास्त डबे उघडतात.

कबरींना भेट देण्याची मनाई आधी होती, पुढे परलोकाची आठवण राहावी म्हणून मुभा मिळाली, असे हदीस सांगते. येणाऱ्याने मृताला सलाम करावा आणि त्याच्यासाठी दुआ मागावी. मागणे मृतासाठी असते, मृताकडे नव्हे. दर्ग्यातल्या नवसांवरून उलेमांमध्ये चालत आलेला जुना वाद इथूनच निघतो. हिंदू परंपरेत देह अग्नीला दिला की जाण्याजोगी जागाच उरत नाही. संन्यासी याला अपवाद. संन्यास घेतानाच त्याने स्वतःचे श्राद्ध उरकलेले असते, म्हणून त्याला पुरतात. समाधीवर आलेला भक्त संतासाठी काही मागत नाही. संत तिथे आहेच असे धरून तो आपले गाऱ्हाणे मांडतो.

या दोन्ही रीती शिर्डीत समोरासमोर आल्या. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांनी देह ठेवला, तेव्हा तो मोकळ्या जागेत दफन करावा असे मुसलमान भक्तांचे म्हणणे होते, तर बुट्टी या भक्ताच्या वाड्यातच ठेवावा असे इतरांचे. अखेर लोकांचा कौल घेऊन वाडा ठरला. नगरजवळ मेहेराबादला ७ फेब्रुवारी १९६९ रोजी मेहेरबाबांचे दफन झाले, तेही त्यांच्या हयातीतच तयार असलेल्या समाधीत. जन्माने ते पारशी होते, म्हणजे दफन आणि दहन या दोन्ही चालींच्या बाहेरचे. भक्तांना त्याची अडचण वाटल्याचे दिसत नाही.

समाधीला देहाचा आधार असतो, असे म्हणावे तर नगर शहर त्या समजुतीला धक्का देते. बागरोझ्यात शहर वसवणाऱ्या मलिक अहमदची, म्हणजेच अहमद निजामशहाची कबर आहे. त्याचा मुलगा बुऱ्हाण याने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. १५५३ मध्ये तो वारल्यावर त्याचा देह पुढे करबलेला नेण्यात आला, इमाम हुसेन यांच्या सान्निध्यासाठी. औरंगजेब १७०७ मध्ये नगरजवळ वारला. भिंगारचे आलमगीर हे स्थान त्याच्या मृत्यूशी जोडले जाते, पण देह खुलदाबादला सूफी संत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यात आहे. बुऱ्हाण शिया, औरंगजेब कट्टर सुन्नी. तरी सत्पुरुषाच्या शेजारी पडून राहावे ही ओढ दोघांच्याही बाबतीत सारखीच दिसते. कबरीवर इमारत बांधू नये हा हदीसमधला दंडक मात्र औरंगजेबाच्या उघड्या, मातीच्या कबरीने पाळला. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची, विसाव्या शतकातली.

तो दंडक मोडणारी नगरची सर्वांत देखणी वास्तू म्हणजे शाह डोंगरावरचा तीन मजली अष्टकोनी ‘चांदबिबी महाल’. सहलींचा हमखास थांबा हाच. वर चढून लांबवरचा मुलूख न्याहाळण्यात प्रवासी इतके रमतात की तळघराकडे फारसे कोणी वळत नाही. मुळात हा महाल नव्हेच. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ही कबर आहे. चांदबिबीची हत्या झाली १६०० मध्ये. या इमारतीशी तिचा संबंध नाही.

भक्तीची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि दुआ न मागणारा प्रवासी काही पाप करत नाही. पण नाव टिकावे एवढ्यासाठी ज्याने डोंगरावर दगड रचले, त्याचेच नाव पुसून दुसऱ्याचे लावणे हा मृतावर उघड अन्याय आहे. वाटाड्यांनी आधी तळघर दाखवावे, नाव सांगावे, आणि मग लोकांना वर न्यावे.