भिंत देते तो अवधी

राऊहून महूच्या अंगाने दक्षिणेला निघालं की थोड्याच अंतरावर माळव्याचं पठार एकदम तुटतं. समोर विंध्याचा कडा, खाली निमाड आणि त्यापलीकडे नर्मदा. दख्खनेतून येणाऱ्या फौजेला माळव्यात शिरायचं तर हा कडा चढावाच लागे. निसर्गाच्या या तटावर माणसानेही आपला तट चढवला. पंधराव्या शतकात होशंगशाहाने मांडू ही राजधानी केली आणि डोंगराच्या कडेकडेने मैलोगणती तटबंदी उभी राहिली. तरीही १५३५ साली हुमायूनची माणसं रात्री शिड्या लावून मांडूच्या तटावर चढली.

पुढे १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांची फौज नर्मदा उतरून आली. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याने अमझेऱ्याजवळचे घाट रोखून धरले होते. मराठे मात्र मांडूजवळच्या घाटाने वर आले. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याला लढाई झाली. गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही पडले. इंदूर-महूच्या परिसरात आज मराठी बोललं जातं, त्यामागे चुकीच्या घाटावर बसलेल्या त्या पहाऱ्याचाही वाटा आहे.

चीनच्या भिंतीकडे मी याच कड्यावरून पाहतो. ती एक अखंड भिंत आहे, हा समज खरा नाही. इ. स. पू. २२१ मध्ये चीन एका छत्राखाली आणल्यावर छिन शी ह्वांगने उत्तरेकडच्या जुन्या राज्यांच्या भिंती जोडून घेतल्या. हान राजवटीने ती रांग पश्चिमेला वाळवंटात नेली. आज छायाचित्रांत दिसते ती विटांची भिंत बहुतेक मिंग काळातली, म्हणजे मांडूच्या सुलतानांच्या आणि त्यानंतरच्या काळातली. चिनी सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या मोजणीनुसार सगळ्या राजवटींच्या भिंती, खंदक आणि नैसर्गिक अडथळे मिळून ही लांबी २१,१९६ किलोमीटर भरते.

बांधकाम जागेवर मिळेल त्या सामानाचं होतं. मैदानात माती धुमसून घट्ट केली, वाळवंटात खडी आणि बोरूचे थर एकावर एक रचले, डोंगरात दगड लावला. मिंग गवंड्यांनी चुन्यात चिकट तांदळाची पेज कालवली. त्या चुन्याने जोडलेल्या विटा आजही पकड सोडत नाहीत. राबले ते सैनिक, वेठीला धरलेले शेतकरी आणि शिक्षा झालेले कैदी. किती जण तिथेच मेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. भिंतीची थोरवी सांगताना ही माणसं वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

एवढं करून भिंतीने साधायचं तरी काय होतं? हान काळातल्या चौक्यांच्या ढिगाऱ्यांत सापडलेल्या, मजकूर लिहिलेल्या लाकडी पट्ट्या याचं उत्तर देतात. सीमेवरचे शिपाई भिंतीलगत वाळूचा पट्टा रोज सारखा करून ठेवत; रात्री कुणी ओलांडला तर सकाळी पावलं उमटलेली दिसत. शत्रू दिसला की बुरुजावर दिवसा धूर, रात्री जाळ. मिंग काळात तोफांच्या बारांची संख्या ठरलेली होती, त्यावरून शत्रू किती आहे ते पुढच्या बुरुजाला कळे. घोडेस्वारांची धाड कायमची अडवणं भिंतीच्या आवाक्यात नव्हतंच. ती धाडीला खोळंबा करी, बातमी पुढे पोहोचवी आणि मागच्यांना अवधी मिळवून देई. त्या अवधीत काय करायचं, हे मात्र माणसांनी ठरवायचं होतं.

मिंगांचा इतिहास याचीच साक्ष देतो. १४४९ मध्ये तूमू इथे मंगोलांनी खुद्द सम्राटाला कैद केलं आणि त्या धसक्यातून पुढच्या पिढ्यांनी भिंती वाढवत नेल्या. तरी १५५० मध्ये आल्तान खान बीजिंगच्या वेशीपर्यंत आला. त्याला व्यापार हवा होता आणि दरबार तो वर्षानुवर्षं नाकारत होता. अखेर १५७१ मध्ये तह झाला, सीमेवर घोड्यांचे बाजार भरू लागले आणि त्या टापूतल्या धाडी बऱ्याच ओसरल्या. जे विटांनी जमलं नव्हतं ते बाजाराने करून दाखवलं. त्याच सुमारास सेनापती छी जिग्वांग बीजिंगच्या उत्तरेला नवे बुरुज बांधत होता; पहारा आणि बोलणी बरोबरीने चालली होती. १६४४ मध्ये मात्र राजधानी बंडखोरांच्या हाती गेली आणि सेनापती वू सान्ग्वेने शानहाय खिंडीचा दरवाजा स्वतःच मांचूंना उघडून दिला. तिथे भिंत शाबूत होती, राज्य आतून कोसळलं होतं.

आमच्या कड्यावर याच्या उलट गोष्ट घडली. इंदूरहून महेश्वरला उतरणाऱ्या जुन्या वाटेवर अहिल्याबाई होळकरांनी १७९१ च्या सुमारास बांधलेला जाम दरवाजा आहे. भक्कम दगडी कमान, वरच्या मजल्यावरून पार निमाडापर्यंत नजर जाते. पण देशाची सीमा अडवणारी भिंत त्याच्या दोन्ही बाजूंना नाही. घाटाच्या वर इंदूर, खाली महेश्वर, दोन्ही मुलूख होळकरांचेच. जिथे कधी सुभेदाराची फौज वाट अडवून बसे, तिथे आता येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणारी चौकी पुरेशी होती.

म्हणून सीमा राखू नये असं मी म्हणणार नाही. शेजारी चाल करून येतो तेव्हा तट लागतो, पहाराही लागतो. पण जे राज्य भिंतीलाच धोरण समजतं, ते मिळालेला अवधी वाया घालवतं. आज जगात ठिकठिकाणी सीमेवर काँक्रीट आणि काटेरी तारा उभ्या राहत आहेत. त्या उभारणाऱ्या प्रत्येक सरकारला नागरिकांनी भिंतीच्या उंचीआधी हे विचारलं पाहिजे: पलीकडच्यांशी बोलणी कोण करतंय, आणि अलीकडचं घर सावरायला तुम्ही काय करताय?